लोहगावच्या लिबरेटरवाल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

तुमच्या घरी येऊन आभार मानायला गेले की तुम्ही चहा टाकायला उठता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

गेल्या वर्षी आमच्या पॉलिटेक्निकच्या प्रदर्शनात मुलांनी केलेलं बी-२४ लिबरेटरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाचं, लाकडी मॉडेल मांडलं होतं. खऱ्या विमानाच्या एक-अठ्ठेचाळीसांश, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत साधारण ७० सेंटिमीटर. एका विद्यार्थ्याचे आजोबा म्हणून तुम्ही आलात आणि अर्धा तास त्या टेबलासमोर उभे राहिलात. जाताना एवढंच म्हणालात, "बाई, बॉम्बचे दरवाजे चुकलेत. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी आलात ते मला आणि चार मुलांना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापुढे घेऊन गेलात. दुकानदार शटर वर ढकलत होता. "हे बघा, लिबरेटरचे दरवाजे." मुलांनी कपाटासारखे उघडणारे दरवाजे लावले होते. खरे दरवाजे ॲल्युमिनियमचे, लवचिक, रुळांवरून सरकत धडाच्या बाहेरच्या अंगाने वर जाणारे. उघडल्यावर वाऱ्यात काही लोंबकळत राहत नाही, त्यामुळे वेग फारसा तुटत नाही. मी विचारलं, पण असे का केले? तुम्ही म्हणालात, त्याचं उत्तर दरवाज्यात सापडायचं नाही, पंखात सापडेल.

मग स्टाफरूममध्ये तुम्ही एक फूटपट्टी आणि एक पोस्टकार्ड शेजारी शेजारी ठेवलंत. पंखाखालची दाबलेली हवा टोकाकडून वर निसटते. पंख जितका लांब आणि अरुंद, तितकी ही गळती कमी. लिबरेटरचा पंख ११० फूट लांब, क्षेत्रफळ १०४८ चौरस फूट, म्हणजे लांबी सरासरी रुंदीच्या साडेअकरा पट. त्याच काळातल्या बी-१७ या दुसऱ्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाच्या पंखाची लांबी १०४ फुटांच्या आसपास, पण क्षेत्रफळ १४२० चौरस फूट. वजनाला दोघं साधारण सारखे, आणि लिबरेटरचा पंख पाऊणपटच. डेव्हिड डेव्हिस यांनी आखलेला या पंखाचा आडवा छेद कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक या तंत्रज्ञान संस्थेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासला तेव्हा आकडे इतके चांगले आले की तिथल्या लोकांना आधी आपल्या बोगद्याचाच संशय आला. ही गोष्ट सांगताना तुमचा चेहरा मी पाहिलाय. तो पंख जणू तुमच्या घरातला मुलगा होता.

पंख मुळाशी चांगला जाडजूड, म्हणून पेट्रोल पंखातच मावायचं. लहान पंखावर इतकं वजन उचलायचं तर उड्डाणाच्या वेळी पंख मोठा करायला हवा; त्यासाठी मागे सरकत बाहेर येणारे फाउलर फ्लॅप. पंख धडाच्या वरच्या भागात बसवला, म्हणजे त्याच्या तुळया बॉम्बच्या खोलीच्या डोक्यावरून जातात आणि खाली जागा मोकळी राहते. धड मात्र जमिनीला टेकल्यासारखं खाली आलं. खाली उघडणाऱ्या दरवाज्यांना जागाच उरली नाही, म्हणून शटर. पोटाखालचा गोल तोफबुरूजही त्याच कारणाने उतरताना आत ओढून घ्यावा लागे. आणि पंख वर असल्यामुळे त्यातून निघणाऱ्या मुख्य चाकांचे पाय लांब, बाहेरच्या बाजूला दुमडून पंखात जाणारे. एकातून दुसरं निघतं, हे तुम्ही बोटांवर मोजत दाखवलंत. वीस वर्षं मशीन डिझाइन शिकवतेय मी. पण एका निर्णयाला बाकीचं यंत्र कसं उत्तर देत जातं, हे इतकं स्वच्छ मला कोणी दाखवलं नव्हतं.

त्याची किंमतही तुम्ही लपवली नाहीत. तो पंख बर्फ साचला की रुसायचा, गोळे लागले की बी-१७ च्या मानाने लवकर हार मानायचा. बॉम्बच्या खोलीतून पुढे-मागे जायला जेमतेम वीतभर रुंद पट्टी. तीच खालच्या अंगाने विमानाचा कणाही होती. आणि तिच्यावरून पाय घसरला तर खालचं शटर माणसाचं वजन पेलत नसे. पाण्यावर उतरायची वेळ आली तर हेच दरवाजे आधी फुटायचे. पेट्रोलची वाफ साचू नये म्हणून कितीतरी वैमानिक ते थोडे उघडे ठेवून उडत. हे सांगताना तुम्ही थांबलात आणि मुलंही गप्प झाली. त्या विमानांत प्रत्येकी दहाएक जण बसत, बहुतेक विशीतले.

पुण्याच्या लोहगाव हवाई तळावरच्या दिवसांबद्दलचं तुमचं बोलणं मी मुलांकडून लिहून घेतलंय. महायुद्धानंतर कानपूरला चकेरीत ब्रिटिशांनी मुद्दाम मोडतोड करून टाकून दिलेली लिबरेटर होती. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कारखान्याच्या लोकांनी त्यातली ४० हून अधिक जमेल तशी उडण्याजोगी केली, कॅप्टन जमशेद मुन्शी ती बंगळुरूला घेऊन गेले, आणि तिथे ती पुन्हा नीट उभी राहिली. त्यांतलीच काही ६ नंबर स्क्वाड्रनमध्ये पुण्याला आली आणि अरबी समुद्रावर गस्त घालू लागली. दूर पल्ल्यासाठी आखलेला पंख इथे बॉम्ब न टाकता कामी आला. युद्धात अटलांटिकवर पाणबुड्यांच्या मागे लागतानाही त्याचा हाच लांब पल्ला कामी आला होता. १९६८ च्या अखेरीस आपल्या हवाई दलाने ती निवृत्त केली, तोपर्यंत जगात दुसरं कुठलं हवाई दल लिबरेटर उडवत नव्हतं. आज ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात जे लिबरेटर उभं आहे तेही आपल्याकडूनच गेलेलं. तुमच्यासारख्या फिटरांनी पाना हातात धरून ते जगवलं म्हणून ते आज बघायला मिळतं. हे तुम्ही कधीच म्हणणार नाही, म्हणून मी म्हणते.

आणि ते टेकूचं. मॉडेल चाकांवर ठेवलं की मागे बसायचं. नाकातलं चाक हवेत. मुलांनी ते टेबलाला चिकटवायचं ठरवलं होतं. तुम्ही खिशातून काडेपेटी काढलीत, एक काडी मोडून शेपटीखाली लावलीत आणि सांगितलंत, खऱ्या विमानातही मागे माणसं चढली की नाक उचलायचं, आम्ही असाच टेकू द्यायचो. मग दुसऱ्या बाजूने वाकून नाकात शिशाचे छर्रे किती भरायचे ते हिशेब करून दिलेत, पोस्टकार्डाच्या मागे. ते पोस्टकार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

या वर्षी मुलं शटर बनवताहेत, बारीक पत्र्याच्या पट्ट्या कापडावर चिकटवून. उजव्या बाजूचं सरकतंय. डावं मध्येच अडकतं, रूळ जिथे वळतो तिथे. शनिवारी दुपारी वर्कशॉप उघडं आहे. रिक्षा पाठवते, चष्मा आठवणीने आणा.

तुमची,
पॉलिटेक्निकच्या बाई