कोणाचो झील?

वेंगुर्ले, जूनचा तिसरा आठवडा

प्रिय पुता,

1 तारखेपासून मासेमारी बंदी लागली. आता 31 जुलैपर्यंत, म्हणजे 61 दिवस, ट्रॉलर किनाऱ्याला. बाजारात खाडीचं थोडंसं आणि बाकी सगळं सुकं, त्यामुळे मला वेळच वेळ आहे. आई म्हणते, फोनवर बोला की. फोनवर तू "हो पापा, हो पापा" म्हणतोस आणि विषय संपतो. म्हणून लिहायला बसलो.

गेल्या रविवारी मिस्सेत फादर प्रवचनाला उभे राहिले आणि काकाचा धाकटा हळूच उठून बाहेर गेला. 13 वर्षांचा पोर. मी मान वळवून बघितलं, तर आंब्याच्या बुंध्याला टेकून उभा, एक पाय मागे दुमडलेला, हातात मोबाईल. अगदी तू उभा राहतोस तसा. पायसुद्धा तोच, डावा. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाला, "दादा पण भायरच रवता."

तुझ्या लक्षात आलं नसेल, पण तो केस तुझ्यासारखे मागे वळवतो. नाताळात तू तेर्साला, रोझरीच्या प्रार्थनेला, शेवटपर्यंत गुडघ्यांवर होतास, तेव्हापासून तोही खुर्चीवर बसत नाही. तेही तुझंच. तुझ्यातलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं हे त्याला कळत नाही, तो अख्खी टोपली उचलतो.

तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही. त्याच आंब्याखाली मी वीसेक वर्षं उभा राहिलो, आणि तू माझं बोट धरून होतास.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. काजूची गोष्ट आठवते ना तुला? तू नऊ वर्षांचा होतास. फेस्ताला, चर्चच्या सणाला, पैसे हवे म्हणून मे महिन्यात बिया गोळा केल्यास आणि पिशवी घेऊन दुकानात गेलास. वर वेंगुर्ला 7 जातीच्या टपोऱ्या बिया, खाली गावठी, पोचट, काही तर भिजलेल्या. दुकानदाराने कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठ वर काढली आणि एवढंच विचारलं, "कोणाचो झील रे तू?" तू माझं नाव सांगितलंस. तुला त्यात लाजण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी तुला मारलं. तू रडत म्हणालास, "पापा, तू बांगडे लावतस, तसाच केलंय."

आजी अंथरुणाला खिळल्यावर बाजारातली तिची जागा मी चालवत होतो. बायकांच्या रांगेत मी एकटा पुरुष. सकाळचा ताजा बांगडा वाट्याच्या ढिगात वर, आदल्या दिवशीचा बर्फातला खाली. गिऱ्हाईक वरच्याचा कल्ला उचलून बघतं, लालभडक दिसतो, पैसे देतं. तू शाळेच्या आधी शेजारी पाटावर बसून पैसे मोजायचास. मी समजत होतो, तू पैसेच बघतोयस.

दुसऱ्या दिवशी तुला माफी मागायला दुकानात पाठवलं. स्वतः मात्र कोणाकडेच गेलो नाही. वाटा तसा लावणं बंद केलं आणि हिशेब मिटला असं मानलं. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रभूचा शिष्य पेत्र याची एक गोष्ट आहे, फादर ती फारशी सांगत नाहीत. अंत्युखिया शहरात तो आधी परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसायचा. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची यहुदी माणसं आली तसा घाबरून बाजूला झाला. तोंडाने काही बोलला नाही, फक्त उठला. तेवढं बघून बाकीचे यहुदी उठले, आणि पौलाचा सोबती बर्णबा, त्याच्यासारखा माणूसही त्यांच्यामागे गेला. पौलाने मग पेत्राला सगळ्यांच्या देखत विचारलं. मला ते "देखत" पटतं. चूक चारचौघांत झाली होती, ती कोपऱ्यात नेऊन निस्तरली असती तर बर्णबाला काय कळलं असतं?

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया, तोही आधी व्यापारीच, 5 फेब्रुवारी 1597 ला जपानात नागासाकीला श्रद्धेपायी क्रुसावर गेला. त्याच्यासह क्रुसावर चढवलेल्या 26 जणांत तीन पोरं होती, धाकटं 12 वर्षांचं. क्योतोहून ऐन थंडीत चालवत नेलं त्यांना. ती पोरं मोठ्यांच्या पाठी बघत चालली असतील. मोठ्यांना ते जाणवत असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मत्तयात पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, तुमचा उजेड लोकांसमोर पडू द्या. सहाव्यात म्हणतो, लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका. पूर्वी मला हे एकमेकांना छेद देणारं वाटायचं. आता वाटतं, माझ्यासारख्याला दुसरं आधी शिकायला हवं होतं. बाजारात माझ्या गळ्यात क्रूस होता. बांगड्यांचा खालचा थरही होता.

तेव्हा धाकट्याला उपदेश करू नकोस, तो तुझ्यापुढे मान डोलावेल आणि पुढच्या रविवारी परत आंब्याखाली. त्याला फोन कर आणि सांग की मी बाहेर थांबायचो ते चुकत होतं. एवढंच. तुझ्या तोंडून हे ऐकून तो बुचकळ्यात पडेल. पडू दे.

हे तुला लिहायचं तर आधी आपलं निस्तरायला हवं, म्हणून मंगळवारी भर पावसात शाळेतल्या बाईंकडे जाऊन आलो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली त्यांना. दर बुधवारी त्या माझ्याकडून वाटा न्यायच्या. पडवीत बसून सगळं सांगितलं. त्यांनी चहा ठेवला आणि आतून म्हणाल्या, "अरे, कल्ला मलाही बघता येतो."

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत कधी?

"तुझा मुलगा शेजारी बसलेला असायचा. त्याच्यासमोर तुला काय बोलणार?"

मला चहा गिळवेना. छत्री तिथेच विसरून आलो.

15 ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि सरकारी सुट्टी एकाच दिवशी आहे, घरी ये. तोवर होड्या सुटलेल्या असतील. बाईंकडे बांगड्याचा वाटा पोचवायचाय. धाकट्याला बरोबर घे, आणि छत्री घेऊन या.

तुझा,
पापा