सभासद माहिती फॉर्म : ज्याला जे लागू, तेवढेच विचारण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : माहितीच्या गूगल फॉर्मची विभागवार फेरमांडणी

महोदय,

स. न. वि. वि.

समितीने पाठवलेला फॉर्म सगळ्यांना सगळेच प्रश्न विचारतो. भाडेकरूचे नाव, कराराची मुदत, दुसऱ्या वाहनाचा क्रमांक हे सगळे प्रश्न ‘रिक्वायर्ड’, म्हणजे उत्तर सक्तीचे, आहेत. त्यामुळे स्वतःच्या घरात राहणारा माणूस तिथे रेघ मारतो, ‘लागू नाही’ लिहितो, नाहीतर स्वतःचेच नाव पुन्हा टाकतो. मग उत्तरे जमा होतात त्या गूगल शीटमध्ये भाड्याच्या सदनिका मोजायला बसले की या रेघाही भाडेकरू म्हणून मोजल्या जातात. रिक्वायर्ड सरसकट काढून टाकले तर रिकामा रकाना ‘लागू नाही’ म्हणून रिकामा आहे की भरायचा राहिला, ते समजत नाही.

गूगल फॉर्मला विभाग पाडून उत्तरानुसार वाट बदलता येते. माणूस ज्या विभागात गेलाच नाही तिथले रिक्वायर्ड प्रश्न त्याला अडवत नाहीत. ज्या विभागात गेला तिथले मात्र भरावेच लागतात. म्हणजे शीटमधला रिकामा रकाना ‘लागू नाही’ असाच वाचता येईल.

मांडणी आधी कागदावर काढावी. आपल्याला आठ विभाग पुरतील : 1 सदनिका क्रमांक आणि वापर, 2 मालक राहतात, 3 भाड्याने दिली आहे, 4 बंद आहे, 5 वाहन आहे का, 6 पहिले वाहन, 7 दुसरे वाहन, 8 आपत्कालीन संपर्क.

पहिल्या विभागातला शेवटचा प्रश्न ‘सदनिका सध्या कोणत्या वापरात आहे?’ हा ठेवावा. त्याच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून ‘गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर’ निवडले की प्रत्येक पर्यायासमोर विभाग निवडायची जागा उघडते. तिथे अनुक्रमे 2, 3, 4 द्यावेत. हा प्रश्न रिक्वायर्ड हवाच. उत्तर न देता ‘नेक्स्ट’ दाबता आले, तर माणूस नुसत्या क्रमाने 2 मध्ये जाऊन पडतो. ही सोय मल्टिपल चॉइस आणि ड्रॉपडाउन या दोनच प्रकारांना आहे, चेकबॉक्सला नाही. एका विभागात वाट ठरवणारा प्रश्न एकच ठेवावा. वाट ‘नेक्स्ट’ दाबल्यावर ठरते आणि पुढचा विभाग एकच असू शकतो.

फॉर्म बिघडतो तो बहुतेक वेळा इथून पुढे. मालक विभाग 2 मध्ये बरोबर पोहोचतो, तो भरतो आणि ‘नेक्स्ट’ दाबताच भाडेकरूच्या विभागात जातो, कारण कोणताही विभाग संपला की मुळात ‘कंटिन्यू टू नेक्स्ट सेक्शन’ असते. प्रत्येक विभागाच्या तळाशी ‘आफ्टर सेक्शन’ अशी बारीक ओळ असते. ती 2 आणि 3 साठी बदलून ‘गो टू सेक्शन 5’ करावी. 4 नंतर ओघाने 5 येतोच. घर बंद असले तरी गाडी पार्किंगमध्ये उभी असू शकते, आणि मालकाला शोधायची वेळ बरेचदा तिच्यामुळेच येते. 5 मध्ये ‘नाही’ म्हटले तर 8, ‘हो’ म्हटले तर 6. 6 च्या शेवटी ‘आणखी वाहन आहे का?’ विचारून तसेच 8 किंवा 7. दुसऱ्या वाहनासाठी पुन्हा 6 कडे पाठवण्याचा मोह टाळावा. तिथे नवा क्रमांक लिहिला की आधीचा पुसला जातो. दोन्ही प्रश्नांची नावेही वेगळी ठेवावीत, ‘वाहन 1 क्रमांक’ आणि ‘वाहन 2 क्रमांक’. नाहीतर शीटमध्ये एकाच मथळ्याचे दोन रकाने उभे राहतात.

सदनिका क्रमांक टाइप करायला लावू नये. कोणी ‘ए-302’ लिहितो, कोणी ‘302 ए’, आणि शीटच्या लेखी ती दोन घरे होतात. ड्रॉपडाउन द्यावा. क्रमांकांची यादी शीटच्या एका रकान्यातून कॉपी करून पहिल्या पर्यायाच्या जागी पेस्ट केली की प्रत्येक ओळ आपोआप वेगळा पर्याय बनते.

भाडेकराराची प्रत फॉर्ममधून मागवू नये, ती कार्यालयातच घ्यावी. फाइल अपलोडचा प्रश्न फॉर्ममध्ये कुठेही असला की गूगल खात्यात लॉग-इन करणे भाग पडते. तो विभाग 3 पुरताच ठेवला तरी बाकीच्यांची यातून सुटका होत नाही.

सध्याच्याच फॉर्ममध्ये बदल करू नयेत. प्रश्न काढून टाकला तरी त्याचा जुना रकाना शीटमध्ये राहतो आणि जुनी-नवी उत्तरे शेजारी शेजारी पडून गोंधळ होतो. ‘मेक अ कॉपी’ने नवी प्रत घ्यावी. तिच्यात प्रश्न येतात, उत्तरे येत नाहीत. जुन्या फॉर्मवर उत्तरे घेणे बंद करावे.

लिंक पाठवण्याआधी सगळ्या वाटा भरून पाहाव्यात. वापराचे तीन प्रकार आणि शून्य, एक किंवा दोन वाहने, म्हणजे नऊ वाटा. चाचणी मोबाइलवरही करावी, कारण बहुतेक सभासद तिथेच भरणार. चाचणीच्या नोंदी फॉर्ममधून आणि शीटमधून, दोन्हीकडून पुसाव्या लागतात. फॉर्ममधून काढल्या म्हणून शीटमधल्या जात नाहीत.

विभागांची ही मांडणी समितीने पुढच्या बैठकीत तपासावी आणि तोपर्यंत जुन्या फॉर्मची स्मरणपत्रे थांबवावीत, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक सभासद