पर्यटनाची प्रगती मुक्कामावरून मोजावी

महोदय,

राज्याच्या पर्यटनाची वार्षिक प्रगती सांगताना पर्यटकांची वाढलेली संख्या आवर्जून पुढे केली जाते. मात्र सकाळी येऊन सायंकाळी परतणारे किती आणि चार रात्री मुक्काम करणारे किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगडासह महाराष्ट्रातील ११ किल्ले जागतिक वारसा यादीत आले, ही खरोखरच अभिमानाची बाब आहे. परंतु गडाच्या पायथ्याशी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि राहण्याची साधी सोय नसेल, तर पर्यटक गड पाहून तसाच निघून जातो आणि गावाच्या वाट्याला प्लास्टिकच्या बाटल्या तेवढ्या उरतात. पर्यटन विभागाने मुक्कामाच्या रात्री आणि स्थानिक रोजगार यांची जिल्हावार आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक