शिबिर झालं, पेठेची टीम लांब आहे, मधल्या पोरांनी खेळायचं कुठं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच झाली की दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरातलं खेळाचं पान आमच्या घरात आधी सासरे वाचतात, मग मिस्टर, मग माझा अकरा वर्षांचा मुलगा, आणि माझ्या हातात येईपर्यंत त्यावर चहाचे डाग पडलेले असतात. पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, शिवाजी तरुण, दिलबहार, बालगोपाल अशी पेठांतल्या तालमींच्या टीमची सगळी नावं मला लग्नानंतर पाठ झाली. तर त्याच पानावर थोडी जागा मिळावी म्हणून हे पत्र लिहितेय, विषय मोठ्या टीमचा नाहीये, दहा ते तेरा वर्षांच्या पोरांचा आहे.

आमच्या मुलानं दोन वर्षं मे महिन्यातलं फुटबॉल शिबिर केलं. शिबिर चांगलंच असतं, सकाळी सहाला उठायची सवय लागते, कोनमधून बॉल काढायला शिकतात, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट आणि केळी मिळतात. पण दोन वर्षांनी त्याला तेच तेच वाटायला लागलं, नवीन आलेल्या सात-आठ वर्षांच्या पोरांबरोबर तो खेळायचा आणि घरी येऊन म्हणायचा, आई, मला खरी मॅच खेळायची आहे. आता खरी मॅच कुठं खेळायची? शाळेच्या टीममधे आठवी-नववीची उंच पोरं, तिथं सहावीतल्याला कोण घेणार. पेठेच्या टीमचं तर नावच काढायला नको, तिथं पोहोचायला अजून किती वर्षं आहेत. म्हणजे शिबिराची पायरी संपली आणि पुढची पायरी एकदम डोक्याच्या वर.

मग आम्ही काय केलं तर एका अकॅडमीत घातलं. नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नव्हती आणि असं अनेक ठिकाणी चालतं. तिथं दोनच बॅच होत्या, एक अगदी नवख्यांची आणि एक ‘ॲडव्हान्स’. ट्रायल म्हणून दहा मिनिटं पळवलं, फी भरून घेतली आणि ॲडव्हान्समधे टाकलं. आम्हाला तर आनंदच झाला, सासऱ्यांनी गल्लीत पेढे वाटले. पण त्या सीझनच्या एका टुर्नामेंटला आम्ही सगळं घर गेलो होतो, तीन मॅच झाल्या आणि तीन मॅचमधे मिळून आमचा मुलगा अकरा मिनिटं मैदानात होता. मी मोबाईलमधे बघून मोजलीत. बाकी सगळा वेळ तो बदली खेळाडूचं बिब घालून लाइनच्या कडेला बसला होता, पायात नवीन बूट, त्याच्या स्टडला मातीसुद्धा लागली नव्हती. घरी येताना गाडीवर मागं बसून एक शब्द बोलला नाही. रंकाळ्यावर थांबून काही खायचं का म्हणून विचारलं तर नको म्हणाला, आणि हा मुलगा कधीही खायला नको म्हणत नाही.

त्यातच त्याची टाच दुखायला लागली. रोज सराव, कडक मैदान, वर शनिवार-रविवार मॅच. आम्हाला वाटलं मुरगळली असेल, सासूबाईंनी हळद लावली, पण सकाळी उठला की लंगडायचा. डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले या वयात टाचेचं हाड वाढत असतं, वाढीच्या जागेवर सारखा ताण पडला की तिथं सूज येते, आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या पोरांमधे हे खूप दिसतं, विश्रांतीनं बरं होतं. एक साधा हिशोबही त्यांनी सांगितला तो मी सगळ्या आयांना सांगत असते, मुलाचं वय जितकं, आठवड्याला तितक्या तासांपेक्षा जास्त शिस्तीतला सराव आणि मॅच नको. अकरा वर्षांचा असेल तर अकरा तास. आमचा तर चौदा-पंधरा तास करत होता आणि तेही बेंचवर बसण्यासाठी.

दीड महिना घरी बसला. तेवढ्यात शेजारच्या काकूंच्या नातवाकडून कळलं की गावाच्या दुसऱ्या टोकाला एक सर मधल्या पोरांची बॅच घेतात, म्हणजे शिबिराच्या वरची आणि ॲडव्हान्सच्या खालची. आठवड्यातून तीन दिवस सराव आणि रविवारी एक मॅच, एवढंच. लांब पडत होतं तरी म्हणलं बघून तरी येऊ.

ती ट्रायल मी कडेला उभी राहून पूर्ण बघितली आणि मला पहिल्यांदा कळलं की ट्रायल म्हणजे काय असते. पंचवीस-तीस पोरं होती, त्यात तीन मुली. सरांनी कुणाला गोल मारायला सांगितलं नाही. चार-चार पोरांच्या टीम करून छोट्या चौकोनात खेळायला लावलं आणि स्वतः वही घेऊन बाजूला बसले. नंतर मी विचारलं की तुम्ही काय लिहीत होता, तर म्हणाले, ताई, मी दोनच गोष्टी बघतो. बॉल पायात यायच्या आधी पोरगं मान वळवून मागं बघतंय का, आणि बॉल गेल्यावर ते काय करतंय, कमरेवर हात ठेवून उभं राहतंय का परत घ्यायला पळतंय. शूटिंग मी शिकवीन, हे शिकवायला वेळ लागतो. आमच्या मुलाच्या नावापुढं त्यांनी लिहिलं होतं, ‘मान वळवत नाही, पण पळतो’. घेतलं त्याला. आणि फी घेण्याआधी बसवून सांगितलं की रविवारच्या मॅचमधे आलेल्या प्रत्येक पोराला निदान अर्धी मॅच खेळायला मिळणार, मग आपण हरलो तरी चालेल, हे पटत असेल तरच घाला. मिस्टरांना आधी पटलं नव्हतं, ते स्वतः पेठेकडून खेळलेत, हरलं तरी चालेल हे वाक्य त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नाही.

पहिली मॅच सहा-शून्य हरले. दुसरी चार-एक. पण तो पूर्ण घामाघूम होऊन, गुडघे सोलून, तोंड लाल करून आला आणि रस्ताभर बोलत होता, आई मी तो पास दिला तो बघितलास का, आई तो सात नंबरवाला किती पळतो, पुढच्या वेळी मी त्याला आतून धरतो. एक मुलगी गोलकीपर आहे त्यांच्यात, ती मॅचच्या आधी सगळ्या पोरांना सांगत होती, मी मागं थांबतो, तुम्ही पुढं बघा. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून.

आता ही मधली बॅच नक्की काय वेगळं करते ते सांगते, कारण माझी खरी मागणी त्यावरच आहे. पहिलं म्हणजे मैदान छोटं आणि सात-सात पोरं. मोठ्या मैदानावरचा गोलपोस्ट २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो, साडेचार फुटाच्या पोरानं उडी मारली तरी त्याचा हात बारला लागत नाही. मग ज्याची किक जोरात बसते त्यानं लांबून वरून मारायचं आणि गोल, संपली मॅच, त्यात पासिंग नाही, डोकं नाही. छोट्या मैदानावर प्रत्येकाच्या पायात बॉल येतो. बॉलसुद्धा चार नंबरचा घेतात, पाच नंबरचा तेरा वर्षांनंतर. जर्मनीसारख्या देशानं २०२४-२५ च्या सीझनपासून लहान गटांसाठी हेच सक्तीचं केलंय, छोटं मैदान, कमी पोरं, सगळ्यांना बॉल. माझी मामेबहीण अमेरिकेत असते, तिचा मुलगा तिकडं खेळतो, तिकडं फुटबॉलला सॉकर म्हणतात. ती सांगते की त्यांच्याकडं सरळ तीन थर आहेत, पहिला हौशी, ट्रायल नाही, कुणीही यावं. सगळ्यात वरचा, जो गावोगाव आणि दुसऱ्या राज्यात जाऊन खेळतो. आणि या दोघांच्या मधे एक, जिथं ट्रायल असते, शिकलेला कोच असतो, स्पर्धा असते पण जवळपासच्या गावांतच. तिचा मुलगा हौशीतून या मधल्यात गेला. तिकडं नऊ-दहा वर्षांची पोरं सात-सात खेळतात, अकरा-बारा वर्षांची नऊ-नऊ, आणि दहा वर्षांपर्यंत बॉल डोक्यानं मारायलाच बंदी आहे, २०१५ मधे त्यांनी तो नियम आणला. आपल्याकडं आठ वर्षांच्या पोराला हेडिंग कर म्हणून ओरडणारे बाप मी बघितलेत.

दुसरी गोष्ट वयाची. वयाचा गट १ जानेवारीपासून मोजतात. माझा मुलगा नोव्हेंबरचा. त्याच गटातला जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षभर मोठा असतो आणि अकराव्या-बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे किती फरक पडतो ते कुठल्याही आईला विचारा, बूट दोन नंबर बदलतात. निवड करणारे त्या उंच पोराला ‘टॅलेंट’ म्हणून उचलतात आणि नोव्हेंबरवाला घरी जातो. पुढं दोन वर्षांनी उंची सारखी होते पण तोपर्यंत नोव्हेंबरवाल्यानं फुटबॉल सोडून दिलेलं असतं, कारण मधे खेळायला जागाच नव्हती. अशी किती पोरं आपल्या गावात गेली असतील याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला भारताच्या टीममधे आपला अनिकेत जाधव होता, तेव्हा सगळ्या गावाची छाती फुगली होती, आमच्या गल्लीत पडदा लावून मॅच बघितल्या. पण त्यालाही शिकायला पुण्याला जावं लागलं होतं. कोल्हापुरात फुटबॉलचं एवढं वेड, वर्ल्डकप आला की गल्लीगल्लीत अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे आणि मेस्सीचे कटआउट, आणि अकरा वर्षांच्या साध्या मुलाला वर्षभर नियमित मॅच खेळायला मिळत नाहीत हे कसं?

म्हणून केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, सगळ्या तालमी आणि महापालिका यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक पेठेनं आपली एक बारा वर्षांखालची मधली टीम करावी. स्टार पोरांची नको, शिबिर करून झालेल्या आणि खेळायची इच्छा असलेल्या पोरांची, मुला-मुलींची एकत्र. रविवारी सकाळी सात ते दहा एवढाच वेळ पाहिजे, एका मोठ्या मैदानात आडवी दोन छोटी मैदानं सहज बसतात, चुना आणि हलके उचलून ठेवायचे पोस्ट एवढाच खर्च. स्टेडियम मागत नाही, गांधी मैदान आहे, इतर मैदानं आहेत, फक्त पावसाचं पाणी तिथं साठून राहतं त्याचं काहीतरी करा, पोरं चिखलात खेळतील पण गटाराच्या पाण्यात कशी खेळतील. पेठेकडून खेळून थांबलेली माणसं प्रत्येक गल्लीत आहेत, त्यांच्यातल्या दोघा-चौघांना कोच व्हायच्या डी लायसन्सच्या कोर्सला पाठवायचा खर्च तालमींनी केला तर कोच बाहेरून आणायलाच नकोत. आणि नियम एकच लिहून काढा, आलेलं प्रत्येक पोरगं अर्धी मॅच खेळणार. हा नियम नसेल तर आठ दिवसांत तीच बेंच परत सुरू होईल, कारण पेठेचं नाव लागलं की हरणं कुणालाच सोसत नाही, मला माहीत आहे, मी त्याच घरात राहते.

आणि ज्या आई-वडिलांना मुलाला असं मधल्या बॅचला घालायचं आहे त्यांना एवढंच सांगते की फी विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारा. माझ्या मुलाला मॅचमधे किती वेळ मिळणार, आठवड्याला एकूण किती तास होणार आणि कोचनं कुठं शिकलंय. नडगीला लावायचे शिन गार्ड घेतल्याशिवाय पाठवू नका. बूट वाढत्या मापाचे घेऊ नका, आम्ही घेतले होते, फोड आले. आणि लाइनवर उभं राहून ओरडू नका. आमच्या सरांनी मैदानाच्या कडेपासून वीस फूट मागं दोरी बांधली आहे, पालक दोरीच्या मागं. पहिल्या दिवशी सासऱ्यांना राग आला होता, चाळीस वर्षं स्टेडियमवर ओरडलेला माणूस. तिसऱ्या रविवारी मुलानं स्वतःच त्यांना सांगितलं, आजोबा, तुम्ही मार म्हणून ओरडला की मला पास द्यायचा असतो तो राहतो. तेव्हापासून ते हाताची घडी घालून गप्प उभे असतात.

परवाच्या रविवारी दोन-दोन बरोबरी झाली. दुसऱ्या गोलच्या आधी आमच्या मुलाकडं बॉल येत होता, आणि बॉल यायच्या आधी त्यानं मान वळवून मागं बघितलं. मी दोरीच्या मागून बघितलं, सरांनी पण बघितलं, त्यांनी खिशातून वही काढली.

केएसएनं आणि तालमींनी सीझन सुरू व्हायच्या आत यावर एक बैठक लावावी, आम्ही आमच्या बॅचचे सगळे पालक यायला तयार आहोत, रविवारी चुना मारायला, पाणी आणायला, पोस्ट उचलायला जे लागेल ते करू.

आपली वाचक,
एक आई,
मंगळवार पेठ, कोल्हापूर