कयाकचा तडा चिकटवू नका, वितळवून सांधा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तडा गेलेल्या प्लास्टिक कयाकची (वल्ह्याने चालवायच्या छोट्या, अरुंद नावेची) घरच्या घरी दुरुस्ती कशी करावी, यावर आपल्या दैनिकात छोटे टिपण आले होते. फायबरग्लासचे कापड आणि रेझिन (वाळून घट्ट होणारा राळेसारखा द्रव) लावून तडा बुजवावा, असा सल्ला त्यात होता. फायबरग्लासच्या नावेसाठी तो योग्यच आहे. प्लास्टिकच्या कयाकवर मात्र असे ठिगळ जमिनीवर असेपर्यंत टिकते आणि पाण्यात तळ वाकू लागला की कडेने उचकटते. त्यात बसणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न असल्याने थोडे सविस्तर लिहीत आहे.

बहुतेक प्लास्टिक कयाक रोटोमोल्डिंगने, म्हणजे फिरत्या, तापलेल्या साच्यात प्लास्टिकची भुकटी वितळवून घडवलेल्या पॉलिथिलीनच्या असतात. हे प्लास्टिक स्पर्शाला मेणासारखे असते. त्यावर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन राहतो. पाणी जसे पसरत नाही तसाच गोंदही पसरत नाही, म्हणून त्याला पकड मिळत नाही. पॉलिएस्टर रेझिन, झटपट चिकटणारे सुपरग्लू, पाइप जोडायचे सोल्युशन, साधे इपॉक्सी, सगळ्यांची गत एकच. शिवाय रेझिन वाळले की ताठ होते आणि कयाकचा तळ तर प्रत्येक लाटेवर लवतो. पॉलिथिलीनचा भरवशाचा सांधा होतो तो त्याच जातीच्या वितळलेल्या पॉलिथिलीनशी.

म्हणून हत्यार हाती घेण्याआधी आपली कयाक कशाची आहे ते ओळखावे. झाकणाच्या आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागेवरून धारदार पात्याने एक ढलपी काढा आणि ती पाण्यात टाका. पॉलिथिलीन तरंगते, एबीएस हे काही कयाकना वापरलेले दुसरे, टणक प्लास्टिक बुडते. पण ढलपी तरंगली म्हणजे काम झाले असे नाही. पॉलिथिलीनचे दोन प्रकार आहेत, लिनिअर आणि क्रॉसलिंक्ड. लिनिअर सुमारे १२० ते १३० अंश सेल्सियसला वितळते आणि निवल्यावर पुन्हा पहिल्यासारखे होते. क्रॉसलिंक्डच्या साखळ्या घडतानाच एकमेकींना बांधल्या गेलेल्या असतात, त्यामुळे ते मऊ पडते, करपते, पण वितळत नाही. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे (डाख द्यायच्या विजेच्या हत्याराचे) टोक त्याच लपलेल्या जागी टेकवा. प्लास्टिक पाझरून चकाकले आणि टोक उचलताना तार सुटली, तर ते लिनिअर. नुसता रबरासारखा खळगा पडला, तर ते क्रॉसलिंक्ड, आणि पुढे सांगितलेली पद्धत त्याला चालणार नाही.

ढलपी आणखी एक गोष्ट सांगते. चांगले प्लास्टिक पात्याखालून रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या ढलपीसारखी सलग, गुंडाळलेली पट्टी देते. उन्हाने मेलेले प्लास्टिक भुकटी होऊन पडते. वरचा पापुद्रा खरवडल्यावर खाली सलग पट्टी निघू लागली तर दुरुस्ती करावी. खोलवर भुकटीच निघत असेल तर एक तडा सांधून उपयोग नाही, सांध्याच्या शेजारी दुसरा जाईल. अशी कयाक पाण्यात नेऊ नये.

आता तयारी. तड्याच्या आसपासचे फोमचे ठोकळे, आसन, दोऱ्या काढून घ्या, कारण फोम उष्णतेने वितळतो आणि पेटतोही. चिखल आणि मीठ धुऊन कयाक पूर्ण वाळू द्या. तड्यात पाण्याचा अंश राहिला तर गरम होताना त्याची वाफ होते आणि सांध्यात बुडबुडे राहतात. पुढे गळती तिथूनच होते. तीन थरांच्या कयाकमध्ये मधला थर फोमचा असतो, त्यात मुरलेले पाणी निघायला कित्येक दिवस लागतात. अशा कयाकवर आच कमीच ठेवावी आणि फक्त बाहेरचा थर सांधावा. आच खोल गेली की फोम बसतो आणि तळाला खळगा पडतो.

तड्याची दोन्ही टोके भिंग घेऊन शोधा. डोळ्याला दिसते त्याच्या थोडे पुढेपर्यंत चीर गेलेली असते, म्हणून दिसणाऱ्या टोकापुढे ३ ते ५ मिलिमीटरवर ४ मिलिमीटरचे आरपार छिद्र पाडा. चिरेच्या अणकुचीदार टोकावर एकवटणारा ताण गोल छिद्राच्या कडेवर वाटला जातो आणि तडा तिथे थांबतो. ही छिद्रे पुढे खाचेबरोबरच भरायची आहेत. छिद्र न पाडता केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा सांध्यात फुटत नाही, त्याच्या टोकापासून पुढे फाटते.

मग तड्याच्या दोन्ही बाजूंचा २ सेंटिमीटरचा पट्टा पात्याने खरवडून ताजे प्लास्टिक उघडे करा. नुसता पॉलिशपेपर घासू नका, त्याचे कण मऊ प्लास्टिकमध्ये रुतून बसतात. तड्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी सुमारे ७० अंशांची खाच कोरा. कयाकची भिंत साधारण ५ ते ६ मिलिमीटर जाड असते. आतून हात पोहोचत असेल तर बाहेरून दोन तृतीयांश खोल खाच पुरते. पोहोचत नसेल तर तळाशी जेमतेम १ मिलिमीटर ठेवून खोल न्यावी. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ते पूर्ण उडून जाऊ द्या, त्याची वाफ पेट घेते. कयाकला चमक आणणारे मेण किंवा सिलिकॉनचा फवारा पूर्वी मारलेला असेल तर पुसणे दोनदा करा.

भरायची कांडी त्याच पॉलिथिलीनची हवी. सर्वांत उत्तम म्हणजे त्याच कयाकचे जास्तीचे प्लास्टिक, उदाहरणार्थ झाकणासाठी किंवा कसल्या जोडणीसाठी कापून काढलेला तुकडा जपून ठेवला असेल तर त्याच्या पट्ट्या. नसेल तर ३ मिलिमीटरची लिनिअर लो डेन्सिटी पॉलिथिलीनची वेल्डिंग कांडी घ्यावी. ४ मिलिमीटर खोल खाच भरायला तिच्या दोन फेऱ्या लागतात, म्हणजे २० सेंटिमीटरच्या तड्याला चाचणी आणि वाया जाणे धरून अर्धा मीटर तरी जवळ हवी. पॉलिप्रॉपिलीनची कांडी दिसायला तशीच असते, पण ती पॉलिथिलीनशी एकजीव होत नाही.

हीट गन (गरम हवा फेकणारे हत्यार) आणि तिला लावायची अरुंद नळी असेल तर हवा ३०० अंशांच्या आसपास ठेवा. रंग उतरवायच्या साध्या गनची पूर्ण आच याहून फार जास्त असते. गन नसेल तर ६० ते ८० वॉटच्या, चपट्या टोकाच्या सोल्डरिंग आयर्ननेही काम होते, फक्त हळू. काम उघड्या हवेत करा. प्लास्टिक धुरावू लागले की ते वितळत नाही, जळते आहे, असे समजावे. पिवळट-तपकिरी झालेला भाग खरवडून टाकून पुन्हा करावा लागतो, कारण जळलेल्या प्लास्टिकमध्ये ताकद उरत नाही.

आधी कांडी न वापरता, तड्याच्या दोन्ही कडा एका पातळीत दाबून दर ४-५ सेंटिमीटरवर गरम टोकाने टाका घाला. मग कांडी जवळजवळ उभी धरून खाचेत दाबत पुढे न्या आणि गरम हवा कांडी व खाच या दोहोंवर आळीपाळीने फिरवा. सगळे कसब इथे आहे. कांडी पटकन मऊ होते, जाड भिंत उशिरा तापते. घाई केली की वितळलेली कांडी थंड खाचेत नुसती बसते. दिसायला सांधा सुरेख, पण एकजीव झालेला नसतो. पेटवून थेंब थेंब गाळायच्या कांड्यांचा दोष हाच आहे. खाचेचा पृष्ठभाग ओला दिसावा इतका चकाकला पाहिजे आणि कांडीच्या दोन्ही कडांना वितळलेल्या प्लास्टिकची बारीक सुरळी उठली पाहिजे. आधी भंगारच्या तुकड्यावर कांडी लावून, पूर्ण निवल्यावर पक्कडीने ओढून पाहा. ती दोऱ्यासारखी अलगद सुटून आली तर आच कमी पडली. कांडी तुटली किंवा खालचे प्लास्टिक घेऊन निघाली तर हात बसला.

पहिली फेरी हाताला कोमट लागेपर्यंत निवू द्या, मग दुसरी. पॉलिथिलीन निवताना बरेच आक्रसते. पाणी ओतून झटक्यात थंड केले तर ताण सांध्यातच अडकून राहतो आणि तळ वाकडा होतो. बाहेरचा सांधा घासून सपाट करण्याचा मोहही आवरावा, १ मिलिमीटरचा उंचवटा राहू द्यावा.

आतून पोहोचता येत असेल तर बारीक छिद्रांच्या स्टेनलेस स्टीलच्या जाळीचा आधार द्या. तड्याच्या चहूबाजूंनी २ ते ३ सेंटिमीटर पुढे जाईल एवढा तुकडा, कोपरे गोल कापलेले. चपट्या गरम टोकाने तो दाबत गेले की प्लास्टिक छिद्रांतून वर येते. जाळी भिंतीच्या एक तृतीयांशाहून खोल बुडवू नका आणि वर कांडीचा पातळ थर द्या. उघडी तार हातपाय कापते.

चाचणी दुसऱ्या दिवशी. कयाक मऊ आधारांवर सरळ ठेवून आत थोडे पाणी ओता, खाली कोरडा कागद अंथरा आणि अर्धा तास थांबा. पूर्ण भरू नका, २० लिटर पाणी म्हणजे २० किलो वजन नव्या सांध्यावर येते.

क्रॉसलिंक्ड कयाकला मात्र इपॉक्सीच लागते, तेही लवचिक. त्याआधी टॉर्चच्या निळ्या ज्योतीचे टोक पृष्ठभागावरून सेकंदाला फूटभर वेगाने फिरवावे. पाणी शिंपडल्यावर थेंब न होता पसरले तर ज्योत पुरेशी लागली. जागा वाळताच अर्ध्या तासाच्या आत इपॉक्सी लावावे. हा जोड वितळवलेल्या सांध्याइतका खात्रीचा नाही. एबीएसचे सोपे आहे, त्याच्याच ढलप्या ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेली घट्ट लुगदी भरता येते.

तडा कुठे गेला यावरून कारणही कळते, आणि ते दूर केले नाही तर सांधा व्यर्थ. पाणी निचरायच्या भोकांभोवतीचा तडा बहुधा त्या भोकांत खुंट्या अडकवून कयाक वाहून नेणाऱ्या गाडीमुळे असतो, आसनाखालचा दोन टोकदार आधारांवर ठेवल्याने. शेपटाकडचे बूड ओढत नेल्याने झिजते. तिथे प्लास्टिक पातळ झालेले असल्याने कांडी न भरता ३ मिलिमीटरच्या पॉलिथिलीन पत्र्याचे ठिगळ वितळवून लावावे.

हाताने केलेला सांधा मूळ भिंतीइतका मजबूत धरू नये. सुरुवातीच्या काही फेऱ्या शांत पाण्यात, काठालगत, लाइफ जॅकेट घालून आणि आत हवेच्या पिशव्या ठेवून कराव्यात. प्रत्येक फेरीनंतर तडा थांबवायला टोकांशी पाडलेल्या दोन छिद्रांच्या जागा पाहाव्यात. तिथून पांढरट रेघ पुढे सरकलेली दिसली, तर कयाक त्याच दिवशी पाण्याबाहेर ठेवावी.

आपला,
एक वाचक