बोट कुठल्या धक्क्याला लागते?

मा. संपादक,

थंडी सुरू झाली की आपल्या अंकात मुंबई–गोवा क्रूझच्या जाहिराती येऊ लागतात. त्यात पोहण्याचा तलाव असतो, रोषणाई असते, जेवणाची टेबले असतात. जहाज मुंबईत नेमके कुठून सुटते, तेवढे मात्र नसते. मी पस्तीस वर्षे एसटीत काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. 'गाडी कुठल्या फलाटाला लागणार?' या प्रश्नाचे उत्तर मी सोलापूरच्या स्थानकात रोज शेकडो वेळा दिले आहे. गेल्या डिसेंबरात मीच सहकुटुंब चुकीच्या फलाटावर जाऊन उभा राहिलो, हे लिहायला म्हणूनच जरा जड जाते.

लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून हैदराबादच्या मुलीने पैसे पाठवले आणि आम्ही इथल्याच एका एजंटाकडून दोन तिकिटे काढली. कागदावर जहाजाचे नाव, खोलीचा क्रमांक, आत शिरण्याची वेळ, सगळे होते. ठिकाण म्हणून फक्त 'मुंबई क्रूझ टर्मिनल'. मी एजंटाला विचारले, तर तो म्हणाला, "काका, टॅक्सीवाल्याला सांगा, तो बरोबर नेतो." एसटीत असे उत्तर दिले असते तर प्रवाशाने माझी गचांडी धरली असती.

जायचे कशाने, यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि साडेबाराच्या आसपास सीएसएमटीला पोहोचते. (गुरुवारी ती इथून नसते.) आम्हाला बारा ते दोनची वेळ दिलेली होती. गाडी कुठे तासभर अडकली तर जहाज थांबणार नाही. म्हणून रात्रीची सिद्धेश्वर धरली. सोलापूरकराला मुंबईचे काम असले की सिद्धेश्वरच; अंथरूण घालायचे आणि उजाडताना मुंबई. आता आपल्या विमानतळावरूनही मुंबईला जाता येते, पण मुंबईचे विमानतळ सांताक्रुझला आणि बंदर पार दक्षिणेच्या टोकाला. विमानात वाचवलेला वेळ टॅक्सीत घालवायचा, हा हिशेब मला पटला नाही.

सीएसएमटीला उतरलो आणि इथे माझे डोके चालले. चालले ते नको तिकडे. आम्ही जाणार गोव्याला, म्हणजे देशातल्या देशात. मुंबईत एक आंतरराष्ट्रीय टर्मिनल आहे आणि एक देशांतर्गत, हे मी वाचलेले होते. 2018 मध्ये मुंबई–गोवा 'आंग्रिया' ही क्रूझ सुरू झाली तेव्हा ती भाऊच्या धक्क्याजवळच्या देशांतर्गत टर्मिनलवरून सुटायची, हेही लक्षात होते. आंतरराज्य गाडी वेगळ्या फलाटाला लागते तसेच हे, असा मी अर्थ लावला. शिवाय आमच्या पिढीच्या मराठी माणसाला बोट म्हटली की भाऊचा धक्काच आठवतो. कोकणच्या बोटी तिथूनच जायच्या. टॅक्सीवाल्याला ठणकावून सांगितले, "भाऊचा धक्का." तो बिचारा म्हणालाही, "बोट बडी है क्या?" मी म्हटले, "बडी है, चलो."

सकाळी सातला भाऊचा धक्का काय असतो, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. ट्रॉलर लागलेले, मासळीचा लिलाव ऐन भरात, बर्फाचे पाणी पायाखालून वाहतेय, डोक्यावर टोपल्या घेतलेले लोक 'बाजू, बाजू' करत अंगावरून जातात. आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही. सौ.ने पदर नाकाला लावला, तो परत टॅक्सीत बसेपर्यंत काढला नाही. एक पांढरी मोठी बोट दिसली तेव्हा मी विजयी मुद्रेने तिच्याकडे बोट दाखवले. तिथला रखवालदार मराठी होता. "काका, ती मांडव्याची रो-रो. माणसं गाडीसकट अलिबागला जातात तिच्यातनं. गोव्याची बोट ना? ती बॅलार्ड पिअरला. तुम्ही आलात कुठनं?" मी सीएसएमटी म्हटल्यावर तो हसला नाही, हे त्याचे उपकार. बॅलार्ड पिअर सीएसएमटीच्या जवळ, जेमतेम दीड किलोमीटरवर. आम्ही तिथून उलट्या दिशेला येऊन पोहोचलो होतो आणि आता तेवढेच भाडे भरून परत जायचे होते.

वेळ हाताशी होता म्हणून निभावले. हीच चूक वंदे भारतने उतरून दुपारी एक वाजता पी. डिमेलो रस्त्याच्या गर्दीत केली असती, तर मुलीला काय तोंड दाखवले असते?

स्टेशनात परत येऊन बॅगा क्लोकरूममध्ये टाकल्या आणि वाट आधी पायी बघून घ्यायची ठरवली. नवा मार्ग सुरू करण्याआधी आम्ही अशीच एक फेरी रिकामी मारायचो. जीपीओच्या, म्हणजे मोठ्या पोस्टाच्या, बाजूने निघालो तर रस्त्याच्या पाटीवर नाव: वालचंद हिराचंद मार्ग. मी तिथेच थांबलो. वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, जन्म 1882 चा. त्यांच्या नावाच्या कॉलेजात निम्मे सोलापूर शिकले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला रवाना केले. इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीसमोर हिंदी मालकीचे जहाज! 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात तो याच जहाजामुळे. त्या कंपनीचे सिंदिया हाऊसही इथेच, बॅलार्ड इस्टेटीत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या गावच्या माणसाने जहाजे चालवली, आणि त्याच गावचा मी, त्याच्याच नावाचा रस्ता सोडून भाऊच्या धक्क्यावर बोंबील बघत उभा होतो. सौ. म्हणाली, "आता पाटीला नमस्कार करा आणि चला."

रस्ता सोपा आहे. जीपीओकडून वालचंद हिराचंद मार्गाने बॅलार्ड इस्टेटीत यायचे. दगडी, एकसारख्या उंचीच्या इमारती लागल्या की ठिकाण आले समजा. पुढे बंदराची भिंत आणि गेटे. या गेटांची नावे रंगांवरून आहेत: ग्रीन, रेड, यलो, ब्लू, ऑरेंज, पर्पल. आम्हाला ग्रीन गेटमधून आत सोडले. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याने चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवे धरावा. तो ऑरेंज गेटजवळ खाली उतरतो आणि पी. डिमेलो रस्ता सरळ बॅलार्ड इस्टेटीकडे आणतो. फक्त गाडी दोन-तीन दिवस ठेवणार कुठे, हे घरून निघण्याआधी ठरवा. सामान जड असेल तर रेल्वेतून उतरल्यावर अठरा नंबरच्या फलाटाकडून बाहेर पडावे. तो दरवाजा पी. डिमेलो रस्त्यावरच उघडतो, टॅक्सीला वळसा पडत नाही.

टर्मिनल देखणे आहे, हे मान्य. 20 सप्टेंबर 2025 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. एका वेळी पाच जहाजे लागू शकतात, वर्षाला दहा लाख प्रवाशांची सोय आहे आणि तपासणीसाठी 72 काउंटर आहेत. नाव आंतरराष्ट्रीय असले तरी गोव्याचे जहाजही इथूनच सुटते आणि आम्हाला पासपोर्ट लागला नाही, आधार कार्डावर काम झाले. ते नावच माझ्या घोटाळ्याचे मूळ, दुसरे काही नाही.

आणखी एक. कागदाच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत 'बाहेरचे खाद्यपदार्थ जहाजावर चालणार नाहीत' असे होते. ते आम्ही वाचले सकाळी अकराला. सौ.ने कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती. बॅलार्ड इस्टेटीतल्या एका बंद कचेरीच्या पायरीवर बसून जेवढे संपेल तेवढे संपवले. उरलेली चटणीची पुडी टॅक्सीवाल्याला दिली. जहाजावरचे जेवण भरपूर होते. चव विचारू नका.

परत आल्यावर मी त्या एजंटाकडे गेलो. भांडलो नाही. चार ओळी मराठीत लिहून दिल्या: कुठले टर्मिनल, कुठले गेट, सीएसएमटीहून कसे जायचे आणि 'भाऊच्या धक्क्यावर जाऊ नये'. शेवटची ओळ अधोरेखित केली. त्याने कागद वाचला, "छान, काका" म्हणाला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला. मागच्या आठवड्यात त्या बाजूला गेलो होतो, कागद अजून तिथेच आहे आणि त्यावर चहाच्या कपाचा डाग पडला आहे. आपल्या शहरातून जहाजाची तिकिटे विकणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, या चार ओळी तिकिटाला टाचून द्या. पावसाळ्याआधी अजून बऱ्याच फेऱ्या आहेत.

– एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, जुळे सोलापूर