तुमच्या भांडणाचा निवाडा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तुमचं असं जुंपलं की मला तोंड उघडायला जागाच मिळाली नाही, म्हणून लिहितेय. बाबांना आफ्रिकेतल्या जुन्या शिकाऱ्यांच्या आठवणी पुन्हा वाचायच्यात. आईचं म्हणणं, मुकी जनावरं मारून वर फुशारकी मारणाऱ्यांची पुस्तकं घरात हवीत कशाला?

बाबा, सुरुवात पूल बांधणाऱ्या त्या ब्रिटिश इंजिनिअर पॅटर्सनपासूनच करा. १८९८ साली केनियातल्या त्सावो नदीवर रेल्वेचा पूल बांधताना दोन बिनआयाळीच्या सिंहांनी मजूर उचलले, हे तुम्हाला पाठच आहे. या खेपेला सिंह बाजूला ठेवा आणि मजुरांकडे बघा. बहुतेक आपल्याकडून नेलेले, त्यातही पंजाबी जास्त. उंगनसिंग जमादाराला भर तंबूतून ओढून नेलं. एका रात्री झाडावर इतकी माणसं चढली की झाडच कोसळलं. शेवटी शेकडो जण रुळांवर आडवे पडले, गाडी थांबवली आणि चढून निघून गेले. मला तर त्या छावणीत तेच सगळ्यांत शहाणे वाटले! पिंजऱ्याचा प्रसंग आईला मोठ्याने वाचून दाखवा: सिंह आत आलाय, गजांपलीकडून शिपाई अगदी जवळून गोळ्या झाडताहेत, एकही धड लागत नाही, उलट एका गोळीने पिंजऱ्याचा गज तुटतो आणि सिंह पसार.

आकड्यांवर मात्र विसंबू नका. १९०७ च्या पुस्तकात २८ हिंदी मजूर मेल्याचं आहे. पुढे तोच पॅटर्सन १३५ म्हणायला लागला. २००९ च्या एका अभ्यासात, सिंहांच्या हाडा-केसांवरून, अंदाज ३५ च्या आसपास निघाला. आणि मेलेल्या आफ्रिकी माणसांची सरकारी नोंदच नव्हती, हे तो एका ओळीत सांगून पुढे जातो. मी त्या ओळीवर अडकले. ते सिंह इथे शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहेत. पॅटर्सनने कातडी घरात अंथरली होती, १९२४ मध्ये ५,००० डॉलरला विकली. अंथरायला कापलेली कातडी पुरली नाही, म्हणून सिंह जरा लहानच दिसतात.

आई, हत्तींचा शिकारी 'करामोजो' बेल याच्या बाबतीत तू जिंकलीस. हस्तिदंतासाठी हजारावर हत्ती. पण फुशारकी त्याच्याकडे फारशी नाही, आणि मला तेच जास्त खटकलं. मेंदू नेमका कुठे असतो ते बघायला त्याने हत्तीचं डोकं कापून पाहिलं, म्हणजे लहान बंदुकीने काम भागेल. सगळं वाण्याच्या वहीसारखं.

जे. ए. हंटर नावाच्या शिकाऱ्यावर मात्र लगेच चिडू नकोस. केनियात कांबा लोकांना शेतीला जमीन हवी म्हणून सरकारी नोकर या नात्याने त्याने जवळपास हजार गेंडे मारले. हे योग्य होतं का, असा प्रश्न तो स्वतःच विचारतो आणि उत्तर माहीत नाही म्हणतो. गव्यांनी भात तुडवलं की मामा काय बोलतो ते आठव, मग मला सांग.

पॅटर्सनचं पुस्तक बाबांच्या टॅबवर मोठ्या अक्षरात टाकलंय. हंटरची जुनी प्रत मिळाली की पाठवते. बेल हवाच असेल तर बाबा, आधी आईची परवानगी काढा.

तुमची,
मनू